खांदा बदलला, पण हात उचलेना

खांद्याच्या सांधेरोपणानंतर नसेला झालेल्या इजेबद्दल अनेक वाचकांनी विचारलं आहे. इथे ‘नस’ म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.

प्रश्न : आईचं वय ७२. तीन आठवड्यांपूर्वी तिचं रिव्हर्स सांधेरोपण झालं. बोटं, मनगट, कोपर हलतं. पण हात बाजूला उचलत नाही आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधीर आहे. ऑपरेशनमध्ये नस कापली गेली असेल का?

कापली गेली असण्याची शक्यता फार कमी आहे. ताणली गेली असण्याची शक्यता बरीच जास्त. तुम्ही लिहिलेल्या खुणा ॲक्झिलरी नसेच्या आहेत. ही नस काखेतून, सांध्याच्या तळाला जवळजवळ चिकटून मागे वळते आणि खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूला चालवते. दंडाच्या त्या भागाची संवेदनाही तिच्याकडेच असते. सांधा नीट दिसावा म्हणून ऑपरेशनमध्ये हात बाहेर वळवून मागे न्यावा लागतो, तेव्हा नसा ताणल्या जातात. रिव्हर्स सांध्यात आणखी एक गोष्ट घडते. गोळा आणि वाटी यांच्या जागा उलट करून हात थोडा खाली बसवतात, म्हणजे डेल्टॉइड ताणलेला राहून जोर धरतो. हाताची लांबी त्यामुळे दोनेक सेंटिमीटरने वाढू शकते. स्नायूला हवा असलेला हा ताण नसेला मात्र सोसावा लागतो.

तरीही घाबरण्याआधी एक तपासणी करून घ्या. तिसऱ्या आठवड्यात दुखण्यामुळे आणि झोळीमुळेही हात उचलत नाही. सर्जन डेल्टॉइडवर बोटं ठेवून आईंना कोपर जागेवरूनच हलकेच बाहेर दाबायला सांगतील. स्नायू बोटांखाली जरा जरी घट्ट झाला, तरी नस जिवंत आहे. रिव्हर्स सांध्याची सारी मदार डेल्टॉइडवर असते, म्हणून ही तपासणी पुढच्या भेटीवर ढकलू नका.

प्रश्न : डॉक्टर म्हणतात, ‘थांबा, येईल.’ किती थांबायचं? ईएमजी (स्नायूतले विजेचे संदेश मोजणारी तपासणी) लगेच का करत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. ‘थांबा’ हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, पण त्याला तारखा हव्यात.

ब्रिटिश सर्जन सेडन यांनी १९४३ साली नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, ते आजही वापरात आहेत. पहिल्यात नस अखंड असते, फक्त संदेश अडतो. काही दिवसांत ते तीनेक महिन्यांत ती पूर्ववत होते. सांधेरोपणातल्या बहुतेक इजा या प्रकारच्या असतात. दुसऱ्यात आतला धागा तुटतो, पण वरची नळी शाबूत राहते. धागा त्या नळीतून पुन्हा वाढतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे दहा सेंटिमीटर जायला तीन महिन्यांहून जास्त. तिसऱ्यात नस पूर्ण तुटलेली असते आणि ती आपोआप जुळत नाही.

तुटलेल्या धाग्याच्या खुणा स्नायूत उमटायला दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी केलेला ईएमजी फसवा दिलासा देऊ शकतो. म्हणून पहिली तपासणी तीन ते चार आठवड्यांनी आणि सुधारणा नसेल तर पुन्हा तीन महिन्यांच्या सुमारास करतात. तेव्हाही स्नायूत नस परतत असल्याची खूण नसेल, तर नसांच्या सर्जनला दाखवा. नसेशिवाय स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो आणि वाढणाऱ्या नसेला त्याआधी तिथे पोहोचायचं असतं. दंडामागच्या ट्रायसेप्स स्नायूच्या नसेची एक फांदी डेल्टॉइडच्या नसेला जोडता येते, पण ते साधारण सहा महिन्यांच्या आत झालं तर फळ चांगलं मिळतं. ‘अजून बघू’ म्हणत वर्ष घालवलेले रुग्ण पाहिले की फार वाईट वाटतं.

मधल्या काळात फिजिओथेरपी सोडू नका. दुसऱ्याच्या आधाराने सांधा हलता ठेवायचा; नाहीतर नस परतेल तेव्हा खांदा आखडलेला असेल.

प्रश्न : ऑपरेशनच्या रात्री अख्खा हात लाकडासारखा होता. हे नॉर्मल आहे का?

मानेजवळ भुलीचा ब्लॉक दिला असेल तर हो. त्याचा परिणाम बहुधा १२ ते २४ तास राहतो. दोन दिवसांनंतरही हात तसाच असेल तर सर्जनला कळवा. मात्र पंजा गार किंवा पांढरा पडला, काखेत सूज वाढत गेली, वेदना अचानक असह्य झाली किंवा परतलेली ताकद पुन्हा गेली, तर त्याच क्षणी रुग्णालयात जा. साठलेलं रक्त नसेला दाबत असेल तर तिथे थांबणं चुकीचंच.

प्रश्न : करंगळीत मुंग्या येतात. खांद्याचीच नस का?

बरेचदा नाही. झोळीत कोपर तासन्‌तास दुमडलेलं राहिलं की तिथून करंगळीकडे जाणारी अल्नर नस दबते. फिजिओथेरपिस्टने परवानगी दिली असेल तसं कोपर दिवसातून अनेकदा सरळ करा, त्याखाली मऊ उशी ठेवा. मुंग्या टिकल्या किंवा पकड सैल झाली तर तपासून घ्या.

प्रश्न : माझं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. धोका किती, आणि आधी काय करू?

जाणवण्याइतकी इजा शंभरातल्या साधारण एक ते चार जणांना होते आणि त्यांतले बहुतेक बरे होतात. आधी त्याच खांद्यावर ऑपरेशन झालं असेल तर धोका वाढतो, कारण जुन्या व्रणात नसा चिकटलेल्या असतात. मधुमेह असेल, हाताला आधीपासून मुंग्या येत असतील किंवा खांदा निखळून मोडला असेल, तर ते सर्जनला नक्की सांगा. खांदा निखळतानाच ॲक्झिलरी नस दुखावलेली असू शकते. ऑपरेशनच्या आधीच डेल्टॉइडची ताकद आणि दंडाची संवेदना तपासून केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. नंतर काही बिघडलं, तर तुलना करायला तीच नोंद हाताशी असेल.