व्याख्यान संपलं तरी उठून जाऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. नोटीस बोर्डावर व्याख्यानं, तिळगूळ समारंभ, विज्ञान दिनाची बैठक असं सगळं एकदम लागलंय, आणि त्यात नेट परीक्षेचा अभ्यास. तू विचारतेस, जाऊ की नको? जा. आणि व्याख्यानानंतरचा चहा तर अजिबात चुकवू नकोस.

सगळं कळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस. सुरुवात कळते, मग आलेखांमागून आलेख येतात आणि धागा सुटतो. प्राध्यापकांचाही सुटतो, ते फक्त मान डोलवत राहतात. तू वहीत एवढंच लिही: हा माणूस मोजतोय काय, कशानं, आणि त्रुटी किती धरलीय. प्रश्न त्यातूनच सुचतो. सभागृहात विचारायचा धीर होत नसेल तर चहाच्या टेबलाशी विचार. हातात समोसा असलेला वक्ता बराच मोकळा असतो. कोणती रीडिंग्ज टाकून दिली, उपकरण किती दिवस बंद होतं, हे स्लाइडवर कधी येत नाही. परग्रहवासी असतील तर ‘मग सगळे आहेत कुठे?’ हा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीचा प्रश्नही १९५० मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जेवताना निघालेला.

तिळगूळ समारंभात गाणं म्हणायचा आग्रह झाला तर खुशाल पळ काढ. पण आधी लॅबमधल्या मामांशी बोल. कोणता स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वर्णपट मोजायचं उपकरण, धड चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

विज्ञान दिनाच्या बैठकीत मात्र पुढे होऊन बोल. रामन परिणामाचा, म्हणजे पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाची तरंगलांबी बदलते याचा, शोध २८ फेब्रुवारी १९२८ चा, आणि १६ मार्चला रामन बेंगळुरूत त्यावर व्याख्यान देत होते. ताज्या कामावर बोलणं असं असतं. आपल्याकडे त्या दिवशी पाहुणे येतात, शाल-श्रीफळ घेतात आणि ‘विज्ञान आणि समाज’ यावर बोलतात. तू पुण्यात आहेस. आयुका, आयसर, एनसीएल या संशोधन संस्था तिथंच आहेत. तिथल्या पीएचडी करणाऱ्या एखाद्या मुलीला बोलवा. तिला हार नको असतो, फळा लागतो. आणि त्या सुमारास डिपार्टमेंटची बस खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला निघाली तर जागा धर. ४५ मीटर व्यासाच्या अँटेनाखाली उभं राहिल्यावर पाठ्यपुस्तकातलं विभेदन-क्षमतेचं, म्हणजे दुर्बिणीला किती बारीक तपशील वेगळा दिसतो याचं, सूत्र वेगळंच दिसतं.

नेटचा अभ्यास पहाटे कर. दुपारी चारला तसंही पुस्तकावर डुलकी लागते.

पुढच्या व्याख्यानाचा विषय कळव. सॉलिड स्टेटचा, म्हणजे घन पदार्थांच्या भौतिकशास्त्राचा, असला तर आधी काय वाचायचं ते सांगतो.

— सर