सिकलसेल, थॅलेसेमिया आणि रक्ताच्या गुठळ्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी २२ वर्षांची, एसएस पॅटर्न (म्हणजे सिकलसेलचा आजार). क्रायसिसमध्ये (तीव्र दुखण्याच्या झटक्यात) भरती होती तेव्हा डॉक्टर म्हणाले, लाल पेशींपासून बारीक पिशव्या सुटतात, त्यामुळे गुठळीचा धोका आहे. अंगात रक्तच कमी, तर ते गोठेल कसं? या पिशव्यांची तपासणी नागपुरात कुठे होते? – एक आई, इंदोरा

उत्तर : तिच्यात कमी आहे ते हिमोग्लोबिन. रक्त गोठवणारी यंत्रणा वेगळी, आणि सिकलसेलमध्ये ती बारा महिने अर्धवट सुरूच असते.

ऑक्सिजन कमी पडला की एसएसची लाल पेशी विळ्यासारखी वाकते, मिळाला की सरळ होते. असं वारंवार झालं की आवरणाचे तुकडे पिशवीसारखे सुटून रक्तात फिरू लागतात. लाल पेशी ७-८ मायक्रोमीटरची, तर या पिशव्या साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटरच्या. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा स्निग्ध पदार्थ एरवी आवरणाच्या आतल्या बाजूला असतो. पेशीत कॅल्शियम शिरलं की तो बाहेर येतो, आणि रक्त गोठवणारे घटक नेमके त्याच्यावर जमतात. तिथे थ्रॉम्बिन, म्हणजे गुठळी बनवणारं द्रव्य, झपाट्याने तयार होतं. एरवी अशा पेशी आणि कचरा गाळण्यात प्लीहेचा मोठा वाटा असतो. एसएसमध्ये ती बहुधा लहानपणीच निकामी होते.

तपासणीच्या मागे मात्र धावू नका. फ्लो सायटोमेट्रीवर (पेशी मोजायच्या यंत्रावर) या पिशव्या मोजतात, पण संशोधनासाठी. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त हलवलं किंवा तासन्‌तास पडून राहिलं, तर नळीतच नव्या पिशव्या सुटतात आणि आकडा फुगतो. शिवाय सगळ्यात बारीक पिशव्या साध्या यंत्राला दिसतच नाहीत. उपचार ठरतील असा रिपोर्ट यातून मिळत नाही. डी-डायमर या गुठळीसाठीच्या रक्ततपासणीचंही तसंच : एसएसमध्ये तो एरवीही वाढलेला असतो, नुसत्या आकड्यावरून घाबरू नका.

त्यापेक्षा मोजपट्टी घ्या. क्रायसिसचं दुखणं बहुतेकदा ओळखीचं असतं : हाडांत, सांध्यांत, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. गुठळी झालेली पोटरी सहसा एकच असते, सुजते, गरम लागते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा लागतो. तिथून १० सेंमी खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण करा आणि तिथला घेर मोजा. ३ सेंमीहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी) करून घ्या. फरक कमी म्हणून गुठळी नाहीच असंही नाही. सूज आणि दुखणं नवं वाटलं तरी दाखवा. तोवर तेल लावून पाय चोळू नका. आपल्याकडे क्रायसिसमध्ये हाच पहिला उपाय होतो. गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागला, छातीत कळ आली, थुंकीत रक्त दिसलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर मध्यरात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी गाठा.

हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. पेशी वाकण्याचं प्रमाण त्याने कमी होतं, म्हणजे उपाय मुळावरच होतो.

प्रश्न : भावाला थॅलेसेमिया इंटरमीडिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, मध्यम स्वरूपाचा). प्लीहा काढल्यावर प्लेटलेट ७ लाख झाल्या. रक्त चढवावं लागत नाही, हे चांगलंच ना? – वाचक, हिंगणा

उत्तर : गुठळीच्या बाबतीत उलटं आहे. नियमित रक्त चढवणाऱ्यांच्या शरीरात स्वतःच्या सदोष पेशी कमी बनतात. न चढवणाऱ्यात त्या बनत राहतात, आणि प्लीहा काढल्यावर त्यांना गाळणारं कोणी उरत नाही. पाय, फुप्फुसं आणि यकृताकडे जाणारी पोर्टल शीर इथे गुठळ्या होतात, कधी शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी. प्लेटलेट ५ लाखांच्या वर गेल्या की अनेक तज्ज्ञ कमी मात्रेतल्या ॲस्पिरिनचा विचार करतात. ते रक्तविकारतज्ज्ञांनाच ठरवू द्या. आणि कोणत्याही ऑपरेशनआधी प्लीहा काढल्याचं सर्जनला आवर्जून सांगा.

प्रश्न : मी एसएस. दिराच्या लग्नात पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? – वाचक, कामठी

उत्तर : मेडिकल स्टोअरमधून स्वतःहून नको. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलीग्रॅम, दिवसातून तीनदा. एवढ्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि गुठळीचा धोका वाढवतं ते इस्ट्रोजेनच. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही याच कारणाने टाळतात. स्त्रीरोगतज्ज्ञांना एसएस पॅटर्न असल्याचं सांगा, दुसरं औषध देता येतं. आणि लग्न मे महिन्यातलं असेल तर पाण्याकडे जास्त लक्ष द्या. एसएसमध्ये मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे नागपूरच्या ४५ अंशांत शरीर इतरांपेक्षा लवकर कोरडं पडतं. मंडपात बाटली जवळ ठेवा, तहान लागायची वाट पाहू नका.

प्रश्न : नवरा एएस पॅटर्न (सिकलसेलचा वाहक) आहे. त्यालाही रक्त पातळ करायची गोळी लागेल का? – वाचक, उमरेड

उत्तर : नाही. वाहकांमध्ये फुप्फुसातल्या गुठळीचा धोका किंचित जास्त आढळतो, पण तेवढ्यासाठी औषध देत नाहीत. तुमची स्वतःची तपासणी झाली नसेल तर मूल होऊ देण्याआधी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा पॅटर्न दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या.