कुत्र्याचा मागचा पाय मांडीच्या वरच्या भागातून कापावा लागला. आठवडा झाला तरी ते उठत नाही. चाकांची गाडी घ्यावी का? घरातले म्हणतात, याला आता सोडवलेले बरे.

चाकांची गाडी घेऊ नका. ती मागचे दोन्ही पाय लुळे पडलेल्या कुत्र्यांसाठी असते. एक मागचा पाय शाबूत असलेल्या कुत्र्याला तिची गरज पडत नाही. पाय मांडीच्या वरच्या भागातून कापला आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे कृत्रिम पायाचा विचारही सोडून द्या, कारण तो बसवायला पायाचा पुरेसा भाग उरावा लागतो. डॉक्टर मुद्दाम वरून कापतात, कारण अर्धवट उरलेला खुंट कुत्रे जमिनीला टेकवत राहते आणि त्याला जखमा होत राहतात. एवढ्यावर मी थांबलो असतो, पण ‘घरातले म्हणतात, याला आता सोडवलेले बरे’ ही तुमच्या प्रश्नातील शेवटची ओळ वाचल्यावर सविस्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमचे गाव निपाणी आणि चिकोडीच्या दरम्यान आहे. उसाच्या हंगामात कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रात्रंदिवस चालू असते. अशाच एका ट्रॉलीच्या चाकाखाली आमच्या मुधोळ जातीच्या तांबीचा मागचा पाय चिरडला. पाय वाचणार नाही असे बेळगावच्या डॉक्टरांनी सांगताच माझे थोरले चुलते, तात्या, तिथल्या तिथे म्हणाले, “शिकारी जातीचं कुत्रं तीन पायांवर काय करणार? सुई देऊन मोकळं करा तिला.” मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, २००५ साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले, हे तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत असत. अभिमान जातीचा बाळगायचा आणि समोर विव्हळणाऱ्या जिवाला मात्र सुई द्यायची, हे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने केव्हाच बंदी आणली. रानडुकरांची चाहूल लागताच भुंकून घर जागे करणे हे तांबीचे काम होते, आणि ते तिने पुढेही तितक्याच चोखपणे केले.

घरी आणल्यावर तीही तुमच्या कुत्र्यासारखी पडूनच राहिली. सोप्यातल्या गुळगुळीत फरशीवर ती उठू लागली की उरलेला मागचा पाय बाहेरच्या बाजूला सरकत जायचा, नखे फरशीवर खरखरायची आणि ती पुन्हा खाली बसायची. आपलेच म्हणणे खरे ठरले असे तात्यांना वाटू लागले. शेवटी आईने तिला उचलून शेणाने सारवलेल्या अंगणात ठेवले. तिथे ती थोडा वेळ नुसती हुंगत बसली. मग तिने पुढचे पंजे जमिनीत रोवले, मागचा पाय ओढून पोटाखाली मधोमध आणला, शेपूट एका बाजूला ताणून धरली आणि ती उभी राहिली. तुमच्या घरात टाइल्स असतील, तर कुत्र्याने धीर सोडला असे म्हणण्याआधी त्याला मातीवर नेऊन पाहा. आम्ही तागाची पोती दाभणाने एकमेकांना शिवून सोप्यापासून दारापर्यंत अंथरली. खताची प्लॅस्टिकची पोती सरकतात, ती वापरू नका. नखे आणि पंजाच्या गादीमधले केस कापून ठेवा. सुरुवातीला पोटाखालून टॉवेलची झोळी घालून आधार द्या, पण उचलून फिरवू नका. दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालवा. तीन पायांच्या कुत्र्याला धावण्यापेक्षा एका जागी उभे राहणे जड जाते, तेव्हा ते मध्येच बसले तर बसू द्या.

रात्री धापा टाकणे, जागा बदलत राहणे, हात लावू न देणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. त्यासाठी डॉक्टरांकडून औषध वाढवून किंवा बदलून घ्या. मेडिकलमधून माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी आणून देऊ नका. तिने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. टाक्यांवर हळद-चुन्याचा लेप नको. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, तोवर जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर काढू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही.

तात्यांचे पुढे मतपरिवर्तन झाले, पण तेही चुकीच्या दिशेने. ‘बिचारी’ म्हणत ते तिला दूध-भाकरी आणि तूप चारू लागले आणि त्यावरून आमचा दुसरा वाद सुरू झाला, जो अजून मिटलेला नाही. चार पायांचे वजन तिघांवर आल्यावर प्रत्येक जादा किलो सांध्यांवर पडतो, म्हणून हात फिरवला की बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. मुधोळ कुत्रे मुळातच सडपातळ असते. त्याला उपाशी ठेवले आहे असे शेजारी म्हणतील, त्यांना म्हणू द्या.

हे सर्व मागच्या पायाबद्दल झाले. कुत्र्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते, त्यामुळे पुढचा पाय गेला तर सावरणे अधिक कठीण जाते आणि खाण्याचे भांडे उंचावर ठेवावे लागते. कुत्रे म्हातारे असेल, कंबरेचे सांधे आधीच झिजलेले असतील, किंवा हाडाच्या कॅन्सरमुळे पाय कापला असेल, तर माझ्या अनुभवावर विसंबू नका. तिथे डॉक्टरांचा शब्द अखेरचा. बहुतेक कुत्री काही दिवसांतच चालू लागतात. तुमचे कुत्रे मातीवरही उठले नाही, खायचे बंद झाले, किंवा टाक्यांतून पू अथवा घाण वास येऊ लागला, तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी दवाखान्यात न्या.