जपानी ठसे गिरवत बसले तर माझं स्वतःचं काय उरणार?

प्रश्न : ताई, मी बडोद्यात फाइन आर्ट्सला आहे, प्रिंटमेकिंग. जुने जपानी लाकडी ठशांचे प्रिंट मला प्रचंड आवडतात, अगदी त्याच पद्धतीने शिकायचंय. पण ग्रुपमधले म्हणतात हे म्युझियमचं काम, स्वतःचं काहीतरी कर. आई पण म्हणते दुसऱ्याचं गिरवून काय मिळणार. जुनं जपत बसलं की नवीन सुचायचं बंद होतं का?
— एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : अगं, जपानी चित्रकार होकुसाईची ती लाट बघितलीयेस ना, मोबाइलच्या कव्हरवर पण असते. साधारण १८३१ची. त्यातला तो निळा म्हणजे प्रशियन ब्लू, युरोपात तयार झालेला, जपानी छापकामात तेव्हा नवाच होता. पण पद्धत जुनीच, एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने कोरायचं, तिसऱ्याने छापायचं, आणि रंगावर रंग नीट बसावा म्हणून ठोकळ्याच्या कडेला कागद टेकवायची खाच. पद्धत इतकी पक्की बसलेली होती म्हणून परका रंग आला तरी काम बिघडलं नाही, उलट खुललं.

आणि तुझ्या गावातलंच सांगते. कीर्ती मंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं निवांत उभं राहून बघितलीस का कधी? (बडोद्यातले निम्मे लोक बाहेरूनच स्कूटर पळवतात.) त्यांची गोष्ट जपानपासून सुरू होते. मेजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, जपानमध्ये जो तो वेस्टर्न पेंटिंगच्या मागे, तेव्हा ओकाकुरा नावाचा कलाभ्यासक आपली जपानी चित्रकला टिकवा म्हणून मागे लागला होता, १८९८ मध्ये त्यासाठी संस्थाच काढली. आता गंमत बघ, त्याचेच शिष्य ताइकान आणि शुन्सो यांनी जपानी चित्रातली बाह्यरेषाच काढून टाकली, सगळं धूसर, लोकांनी नावं ठेवली. म्हणजे जपणारेच मोडतोड करत होते! १९०३ मध्ये हे दोघं कलकत्त्याला आले, ताइकान ओल्या ब्रशने काम करतो ते चित्रकार अवनींद्रनाथ टागोरांनी बघितलं आणि ते थेट अख्खं चित्रच पाण्यात बुडवायला लागले, तिथून ती वॉशची, म्हणजे पातळ धूसर रंगांची शैली निघाली. नंदलाल त्यांचे शिष्य, १९२४ मध्ये स्वतः जपानला जाऊन आले, आणि पुढे सयाजीरावांमुळे बडोद्याच्या भिंतीवर गंगावतरण आणि मीरा रंगवली. त्यात चेरीची फुलं शोधून सापडायची नाहीत. नंदलालांचेच विद्यार्थी, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन तुमच्या फॅकल्टीत शिकवायला आले, म्हणजे तू ज्या कॉलेजात बसून हा प्रश्न विचारतेयस तिथवर हा धागा आलाय.

तेव्हा ग्रुपला सांग, थांबा जरा. पण तूही किमोनोवाल्या बायका आणि फुजी पर्वतच छापत राहिलीस तर त्यांचं म्हणणं खरं ठरेल हां. (आईचंही. पण हे तिला सांगू नकोस.)

एकच जुना प्रिंट घे, जसाच्या तसा कर, पाण्यातले रंग, भाताची खळ, ओलसर कागद, सगळं. प्रेसवर नाही, हाताने घासून. रंग कुठे पसरतो, खाच चुकली की काय होतं हे हाताला कळलं की मग त्याच पद्धतीने मांडवीचा दरवाजा कर, नाहीतर उत्तरायणाचं आकाश. आणि पहिला ठोकळा पोस्टकार्डाएवढाच घे, मोठा घेतलास तर कोरून कोरून कंटाळशील आणि अर्धवट सोडशील.