‘आमेन’ घशातच अडतं

प्रश्न: ताई, सलाम. मी चोपडा तालुक्यातला. केळी आणि थोडी कपाशी करतो, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची शब्बाथशाळा घेतो. वडिलांना, आम्ही आबा म्हणायचो, पंचवीस वर्षं शुगर होती. मागच्या साली दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जळगावला न्यायचो. मंडळीने पाळीपाळीने २१ दिवसांची साखळी-प्रार्थना केली. सतराव्या दिवशी एकाने उभं राहून साक्ष दिली, ‘मला दर्शन झालं, आबा बरे होऊन घरी येतील.’ विसाव्या दिवशी आबा गेले. मातीला आलेल्यांपैकीच कोणी म्हणालं, ‘घरात विश्वास कमी पडला.’ तेव्हापासून माझ्या तोंडून आमेन निघत नाही. परवा वर्गात एका पोराने विचारलं, ‘सर, आबांसाठी आपण प्रार्थना केली होती ना?’ मी त्याला चित्रं रंगवायला लावली. संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो, असं बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. मग मी शिकवणं सोडून द्यावं का? माझं हे ढोंगच नाही का?

उत्तर: भाऊ, सलाम. आधी मातीच्या वेळी बोललेल्या त्या वाक्याचं बघते, कारण ते वाचून माझा चहा गार झाला. मी तीस वर्षं नर्स होते. शुगरने निकामी झालेल्या किडन्या डायलिसिसने बऱ्या होत नसतात. मशीन रक्त साफ करतं, दोन-तीन दिवस ढकलतं, पुन्हा सुई. तुम्ही घरच्यांनी सगळं केलंत. आणि विश्वासाच्या मापाचंच म्हणाल, तर क्रूसावर जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः मागितलं होतं की हा दुःखाचा प्याला टळो. टळला नाही. तिथे कोणाचा विश्वास कमी पडला होता, हे त्या माणसाला एकदा विचारा. की नकोच, उगीच भांडण होईल.

आता तुमचं आमेन. माझ्या नाईट ड्युटीत एक पहिलटकरीण गेली. बाळ वाचलं. त्यानंतर आठ महिने मी मंडळीत जायचे, गीतं गायचे, पण प्रार्थनेला डोळे मिटले की नुसता वॉर्ड दिसायचा. कोणाला बोलले नाही. आमच्या सासूबाई मात्र निराळ्या. मंडळीत त्या पुस्तकी मराठीत ‘हे दयाळू देवबापा’ म्हणायच्या. घरी चुलीपाशी अहिराणीत. धाकटा नातू तापाने गेला तेव्हा भाकरी थापता थापता म्हणत होत्या, ‘तुले काय कमी व्हतं रे देवा? काबरं लई गया त्याले?’ म्हणजे, का घेऊन गेलास त्याला? भाकरी करपली, तरी त्यांचं चालूच. मी दारात उभी. मला वाटलं, ही बाई देवाला शिव्या घालतेय. पुढे बायबलमधलं स्तोत्र १३ नीट वाचलं. पहिल्या दोन वचनांत दाविदाने चारदा विचारलंय, कोठवर? स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, शेवटी दिलासा म्हणून एक ओळ नाही. आणि ही आपण उपासनेत वाचतो! म्हणजे सासूबाईंची प्रार्थना शास्त्रातलीच होती, फक्त बोली आपली.

तुम्हीही तेच करा. मंडळीत नको, मळ्यात पाण्याची पाळी असेल तेव्हा. आबांशी ज्या बोलीत बोलायचात, त्या बोलीत देवाला काबरं विचारा. लगेच उत्तर येईल असं मी म्हणत नाही, मला आलं नव्हतं. पण आठ महिने गप्प राहण्यापेक्षा ते बरं होतं.

याकोबाचं वचन खरं आहे, पण ते दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याबद्दल आहे. तुमचे पाय एकाच दगडावर आहेत, दगड हलतोय एवढंच. शब्बाथशाळा सोडू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी बघा. अकरा शिष्य गालीलातल्या डोंगरावर प्रभूला नमन करताहेत, आणि तिथेच लिहिलंय की कित्येकांना संशय वाटला. त्यांना वेगळं काढलं नाही. जा, शिकवा, ही आज्ञा सगळ्यांना मिळाली.

त्या पोराला पुढच्या रविवारी सांगा, ‘हो, केली होती. आबा का गेले ते मला कळत नाही. मलाही त्यांची आठवण येते.’ मुलं एवढं झेलतात, रंगवायच्या चित्रांनी फसत नाहीत. प्रार्थना चालवायची पाळी मात्र दोन महिने दुसऱ्याला द्या. पाळकसाहेबांना खरं कारण सांगून द्या, पाठ दुखते म्हणून नव्हे.

आणि एक. पत्राच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलंत की जळगावच्या फेऱ्यांसाठी उसने घेतलेले पैसे अजून फिटले नाहीत. प्रश्नात ते नव्हतं, पण मी वाचलं. मंडळीच्या पंचांकडे मदतीचा अर्ज द्या. लाजू नका. मंडळीच्या दानपेटीत तुमच्या आबांनी इतकी वर्षं टाकलंच असेल ना.