अबोला, एपिक्टेटस आणि धम्मपद

प्रश्न : वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून धाकट्या भावाने माझ्याशी अबोला धरला आहे. निवृत्तीनंतर मी ग्रीक स्टोइक तत्त्वज्ञांचे विचार, धम्मपद हा बुद्धवचनांचा संग्रह आणि गीता वाचली. ‘आपल्या हाती नाही त्याचा शोक करू नये’ हेच तिन्हींचे सार आहे, असे मला वाटते. तसे असेल तर कोणत्याही एकाचा आधार घेतला तरी चालेल का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : सुमारे १,९०० वर्षांपूर्वी जवळजवळ हाच प्रश्न एपिक्टेटसला विचारला गेला होता. हा स्टोइक तत्त्वज्ञ मूळचा गुलाम आणि पायाने अधू होता. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हद्दपार केल्यावर त्याने ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस येथे पाठशाळा चालवली. त्याने स्वतः काहीच लिहिले नाही. आज जे उपलब्ध आहे ते आरियन या शिष्याने टिपून ठेवलेले आहे. भावाचा राग कसा घालवावा, असे एका माणसाने विचारले तेव्हा एपिक्टेटसने दिलेले उत्तर थोडे कठोर वाटेल. भावाला माझ्याकडे आण म्हणजे मी त्याच्याशी बोलेन, पण त्याच्या रागाबद्दल तुला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही, अशा आशयाचे ते उत्तर होते. तत्त्वज्ञान बाहेरची कोणतीही वस्तू मिळवून देण्याचे वचन देत नाही, ही त्यामागची भूमिका.

त्याने तेवढ्यावरच सोडले असते तर ती केवळ कोरडी अलिप्तता ठरली असती. मात्र दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो की प्रत्येक गोष्टीला दोन मुठी, म्हणजे धरायच्या जागा, असतात. एका मुठीने ती उचलता येते, दुसरीने येत नाही. भावाने अन्याय केला असेल तर ‘त्याने अन्याय केला’ या मुठीने ते प्रकरण धरू नये, तर ‘तो माझा भाऊ आहे, आम्ही एकत्र वाढलो’ या मुठीने धरावे. जमीन, कीर्ती आणि दुसऱ्याचे वागणे आपल्या हाती नाही, परंतु भाऊ म्हणून आपण कसे वागायचे हे पूर्णपणे आपल्या हाती आहे. भावाने नाते पाळले नाही म्हणून आपले नाते पाळण्याचे कर्तव्य संपत नाही, असे तो स्पष्टपणे बजावतो.

आता धम्मपदाकडे वळू. ‘त्याने मला शिव्या दिल्या, मला मारले, मला हरवले, माझे हिरावून घेतले’ असे जे मनात घोळवत राहतात, त्यांचे वैर शमत नाही, असे त्याच्या पहिल्याच वर्गात, म्हणजे प्रकरणात, म्हटले आहे. जमिनीचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही यादी आपल्याच गावातली वाटेल. येथे बुद्धाचे लक्ष अन्याय खरा की खोटा याकडे नाही. तक्रार मनात पुनःपुन्हा उगाळण्याची जी क्रिया चालते, तिच्याकडे ते आहे.

इथपर्यंत दोघे शेजारी भासतात, आणि बहुतेक लेखक तुलना इथेच थांबवतात. माझ्या मते खरा मुद्दा पुढे आहे. दोघांनीही ‘आपले काय?’ हे ठरवण्यासाठी एकच कसोटी वापरली आहे, ती म्हणजे आपला ताबा कशावर चालतो. एपिक्टेटसला या कसोटीवर टिकणारी एक गोष्ट सापडते : आपली निर्णयशक्ती. पायात बेड्या घालता येतील, पण माझ्या निर्णयशक्तीवर झ्यूससुद्धा मात करू शकत नाही, असे तो म्हणतो. सारनाथ येथे पाच भिक्षूंना केलेल्या अनत्तलक्खण सुत्तातील (‘आत्मा नसणे’ या लक्षणावरील) उपदेशात बुद्ध तीच कसोटी लावतो. रूप, म्हणजे शरीर, हा आत्मा असता तर ‘माझे रूप असे असो, असे नसो’ असे म्हणता आले असते. तसे म्हणता येत नाही, म्हणून रूप आत्मा नव्हे. वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळख), संस्कार (मनाच्या घडणी) आणि विज्ञान (जाणीव) यांनाही तो हेच लागू करतो. संस्कारांत आपले संकल्पही आले. म्हणजे जो बुरूज एपिक्टेटस शेवटपर्यंत राखतो, तोही बुद्धाच्या हिशेबी आपला नाही.

आपल्या अबोल्याच्या संदर्भात हा भेद पोथीतला राहत नाही. स्टोइक साधना करणारा माणूस भावाशी नीट वागेल, पण ‘तो चुकला आणि मी मात्र सरळ राहिलो’ हे समाधान त्याच्या मनात सुखरूप राहू शकते, आणि ते समाधानही दोन भावांमध्ये भिंत उभी करते. म्हणून दोघांची सरमिसळ करण्यापेक्षा, समोरासमोर येण्याच्या प्रसंगी एपिक्टेटस आणि रात्री तोच हिशेब डोक्यात फिरू लागल्यावर धम्मपद, असा वापर मला अधिक प्रामाणिक वाटतो. सिद्धान्त म्हणून दोन्ही एकाच वेळी मान्य करता येणार नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

गीतेबद्दल थोडक्यात. ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ हे वचन स्टोइकांच्या जवळचे आहे, पण त्याचा प्रसंग विसरता येत नाही. आप्तांशी राज्याच्या वाट्यावरून लढायचे की नाही, याच पेचात अर्जुन होता, आणि त्याला माघार घ्यायला सांगितले गेले नाही. त्यामुळे आपला हक्क न्याय्य असेल तर तो सोडलाच पाहिजे, असा अर्थ गीतेतून काढू नये. हक्क मागावा, निकालाला मन बांधू नये.

प्रश्न : ग्रीकांनी हे विचार भारतातून घेतले का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संपर्क निश्चित होता. एलिसचा पिऱ्हो हा तत्त्वज्ञ अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतात आला होता, आणि येथील नग्न साधूंच्या भेटीमुळे त्याचे विचार घडले, असे तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक डायोजिनीस लाएर्टियस सांगतो. कंदाहार येथे सम्राट अशोकाचा ग्रीक आणि अरामाईक भाषांतील शिलालेख मिळाला आहे. मिलिंदपञ्ह या पाली बौद्ध ग्रंथात ग्रीक राजा मिनँडर भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारतो. आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहात तर धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेल्या स्तंभांचे लेख आजही वाचता येतात. मात्र पिऱ्होची गोष्ट सोडली तर बाकी पुराव्याची दिशा पाहावी : ग्रीक इकडे येऊन बौद्ध संघाला दान देत होते, असे तो दाखवतो. एपिक्टेटसच्या तत्त्वज्ञानाची मुळे सॉक्रेटिस आणि अथेन्समध्ये स्टोइक पंथ सुरू करणारा झेनो यांच्यापर्यंत नीट लावता येतात, त्यासाठी भारतातील गुरूची कल्पना करावी लागत नाही.