संगमनेरलाच एमए होतंय, डिग्रीपण पुणे विद्यापीठाचीच, मग पुण्यात कशाला यायचं?

तू लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की बीए इतिहास झालंय, गावाजवळच्या कॉलेजातच एमए आहे, ते कॉलेजही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठालाच जोडलेलं आहे, घरचे म्हणतात इथंच कर, तर मग पुण्यात कॅम्पसवर येऊन काय वेगळं मिळतं, हॉस्टेल मिळतं का, खर्च कसा भागतो आणि वातावरण कसं असतं. वयाने लहान आहेस म्हणून तू म्हणते, चालेल ना. मी इथल्याच इतिहास विभागातून एमए केलं, गाव सिन्नरकडचं, त्यामुळे घरात आत्ता काय चर्चा चालू असेल ते मला न सांगता कळतंय.

आधी घरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं याच विद्यापीठाची, सर्टिफिकेटवर तेच नाव, नोकरीच्या किंवा सेट-नेटच्या फॉर्मवर कॅम्पस की कॉलेज असा कॉलम नसतो. नुसती डिग्री पाहिजे असेल तर पुण्याचं भाडं भरण्यात काही अर्थ नाही, आणि हे मी मनापासून सांगते.

पण तू इतिहास घेतलायस ना, तिथं गोष्ट बदलते. कारण इतिहासाचा कच्चा माल पुण्यात आहे आणि विभागातले लोक तुला तिथपर्यंत नेऊन सोडतात. पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे जुने कागद, इथं आहे, १९१० साली सुरू झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे, १९१७ ची भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे, डेक्कन कॉलेज आहे, गोखले इन्स्टिट्यूट आहे, आणि सगळीकडे पीएमपीने जाता येतं. पेशवे दफ्तरातले कागद कापडात बांधून ठेवलेले असतात, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. मी पहिल्यांदा रुमाल सोडला तेव्हा आत एका परगण्याचा हिशोब निघाला, मोडीत, ओळीवर ओळ, शब्दांत कुठं मोकळी जागाच नाही, कडा तपकिरी झालेल्या पण शाई अजून काळी कुळकुळीत. सुरुवातीला एक अक्षर लागेना, मग मंडळातल्या मोडीच्या वर्गाला जायला लागले आणि हळूहळू आधी आकडे, मग गावांची नावं, मग वाक्यं लागायला लागली. बीएला आपण पेशवाईचा महसूल दहा मार्कांसाठी पाठ करतो, तोच महसूल कुठल्यातरी गावच्या पाटलाच्या नावासकट समोर येतो तेव्हा विषय तुझा होतो, माझा तरी तिथंच झाला.

दुसरं उदाहरण कॅम्पसमधलंच. विद्यापीठाची मुख्य इमारत, ती उंच मनोऱ्याची, फोटोत सगळ्यांनी बघितलेली, ती म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळ्यातला मुक्काम, गव्हर्नमेंट हाऊस. २२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून इथंच समारंभ होता आणि तो आटपून परत जाताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडली. प्लेगचं साल, घराघरात शिरून झडत्या, त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला आणि १८ महिन्यांची शिक्षा. आमच्या सरांनी हे सगळं वर्गात सांगितलं नाही, त्या दिवसांतले जुने केसरी वाचा आणि शहराच्या नकाशावर काय कुठं घडलं ते मांडून आणा म्हणून असाइनमेंट दिली. आम्ही ज्या रस्त्याने रोज चहाला जायचो तो रस्ता मग तसा राहिलाच नाही. संगमनेरचे सर हे शिकवू शकत नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही, बीएला मला शिकवणारे सर पुण्यातल्या कितीतरी जणांपेक्षा भारी होते, पण त्यांच्याकडे हा रस्ता नव्हता.

परीक्षेची पद्धतपण समजून घे. विभागात निम्मे मार्क सेमिस्टरभर चालणाऱ्या कामाचे असतात, सेमिनार, टिपण, पुस्तक परीक्षण, टेस्ट, तोंडी. नवीन शैक्षणिक धोरणानंतर दोन वर्षांचं एमए ८८ क्रेडिटचं झालंय आणि त्यात रिसर्च प्रोजेक्ट करावाच लागतो, म्हणून वरचं जे सांगितलं ते नुसतं हौसेचं राहत नाही, त्यावर तुझे मार्क असतात. शेवटच्या महिन्यात गाईड वाचून निघत नाही इथं. आणि यावरून एक गोष्ट स्पष्टच बोलते, बरीच मुलंमुली एमएला ॲडमिशन घेतात ती एमपीएससीसाठी, म्हणजे हॉस्टेल मिळावं आणि जयकर ग्रंथालयात बसायला जागा मिळावी म्हणून. त्यांची परिस्थिती मला माहितीये, त्यांना नावं ठेवणार नाही, पण दोन्हीकडची ओढाताण इतकी होते की सेमिनारच्या आदल्या रात्री रडणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात. एमपीएससीच करायची असेल तर तेच ठरवून कर.

कॅम्पस ४११ एकरांचा आहे, वडाची मोठमोठी झाडं, सकाळी मोर ओरडतात, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे शेजारच्या विभागात काय चाललंय ते बघायला कुणी अडवत नाही. ललित कला केंद्राच्या मुलांची नाटकं अंगणमंचावर होतात, परीक्षेची असली तरी बघायला बसता येतं, मी आयुष्यातलं पहिलं प्रायोगिक नाटक तिथंच पाहिलं. आयुका कॅम्पसमध्येच आहे, जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, मधल्या कुंडात न्यूटन, आइनस्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभटाचे पुतळे, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी उघडं असतं, इतिहासवालीने तर जावंच. शर्मिला रेगे यांनी वाढवलेलं स्त्री अभ्यास केंद्र आहे, तिथल्या चर्चांना जाऊन बस, जात आणि बाई हे दोन विषय एकत्र कसे वाचायचे ते मला तिथं कळलं. जर्मन, फ्रेंच, रशियन अशा भाषा शिकायच्या असतील तर तो विभाग कॅम्पसवर नाही बरं का, फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

आता पैशाचं. हॉस्टेल आहे पण जागा कमी, यादी मेरिट आणि प्रवर्गानुसार लागते, पहिल्या यादीत नाव नाही आलं तर घाबरू नकोस, पुढच्या याद्या लागतात. तोपर्यंत काही जणी मैत्रिणीच्या खोलीत पॅरासाइट म्हणून राहतात, ते नियमात बसत नाही आणि पकडलं तर दंड होतो, त्यापेक्षा औंध, खडकी, बोपोडीकडे कॉट बेसिसवर बघ. एससी प्रवर्गातली असशील आणि वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये खात्यावर येतात, बाकीच्या प्रवर्गांच्याही वेगळ्या योजना आहेत, त्यातली तुझी कुठली ते समाज कल्याणच्या ऑफिसात विचार. फक्त हे पैसे उशिरा येतात, पहिले काही महिने घरून सोय करून यावं लागतं, हे घरी आधीच सांगून ठेव.

कमवा आणि शिका खरंच चालतं का असं विचारलंयस. चालतं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ही योजना आहे, याच विद्यापीठाने १९५९ साली त्यांना डी.लिट. दिली होती. ग्रंथालय, ऑफिस, बाग, विभाग असं कुठंही काम लागतं, दिवसाला जास्तीत जास्त तीन तास आणि तासावर पैसे. सगळा खर्च यात निघत नाही, मेसचं बिल बऱ्यापैकी निघतं. मला ग्रंथालयात काम मिळालं होतं, परत आलेली पुस्तकं नंबरप्रमाणे कपाटात लावायची, आणि लावता लावता जी पुस्तकं हाताला लागायची ती मला कुठल्याही रीडिंग लिस्टमध्ये मिळाली नसती, त्यामुळे निवडायला मिळालं तर ग्रंथालयच माग. ऑफिसात बसवलेल्या मुलीपण खूश असायच्या कारण तिथं फॉर्म आणि तारखांची सगळी माहिती आधी कळायची.

एकटेपणाचं पण सांगते, कारण तू शेवटी घाबरत घाबरत लिहिलंयस की इंग्रजी जमत नाही. विभागात मराठीतून लिहिता येतं, पेपरपण, पण वाचायला बरंच इंग्रजी असतं आणि पहिलं सेमिस्टर जड जातं. आम्ही चार-पाच जणी अनिकेत कँटीनला बसून एकेक चॅप्टर वाटून घ्यायचो आणि एकमेकींना मराठीत सांगायचो, बीड, नंदुरबार, श्रीगोंदा, जुन्नर अशा सगळीकडच्या होतो, लाज वाटायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या सेमिस्टरला मी एकटी वाचत होते.

तर घरच्यांना माझं सांगणं असं की एकदा तिला घेऊन या आणि स्वतः बघा. नाशिककडून येणाऱ्या एसट्या वाकडेवाडीला थांबतात, तिथून विद्यापीठ जवळ आहे. आई-वडिलांना विभाग दाखव, मुलींचं हॉस्टेल बाहेरून का होईना दाखव, गेटवर वॉचमन असतो, रात्री यायची वेळ ठरलेली असते हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे, माझ्या वडिलांचा होकार त्या एका फेरीत आला. विभागात गेलीस की सेकंड इयरच्या एखाद्या मुलीला गाठ आणि प्रवेश परीक्षेत कसं विचारतात ते तिच्याकडून समजून घे, परीक्षा ऑनलाइन असते आणि जाहिरात विद्यापीठाच्या वेबसाइटवर उन्हाळ्यात येते. जवळच्या कॉलेजातली ॲडमिशन तोवर हातची सोडू नकोस. आणि इथं नंबर लागला की हॉस्टेलचा फॉर्म त्याच दिवशी भर, नंतर भरू म्हणू नकोस.